आधी सीट वर घ्या, मग बदलायचं बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मुलुंडला राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या 48 वर्षांच्या एक वाचक लिहितात, 'रक्तातली साखर काठावर आलीय, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन महिन्यांपूर्वी नवी हायब्रीड सायकल घेतली. शाळेनंतर पहिल्यांदाच सायकल चालवतेय. सकाळी लवकर ऐरोली पुलाच्या दिशेने जाऊन येते. पण पंधरा-वीस मिनिटांतच बूड दुखायला लागतं, पुढच्या नाजूक भागात आग होते, कधी कधी तिथे बधिर होतं. करंगळीला मुंग्या येतात आणि गुडघ्याची वाटीही दुखते. दुकानदाराने सीटवर जेलचं कव्हर चढवून दिलं, तर त्रास वाढलाच. ग्रुपमधले म्हणतात, सवय होईल. नवरा म्हणतो, हे वय नाही, जिमची सायकल चालव. पाच-सहा हजारांची चांगली सीट घेऊ, की सायकलच विकून टाकू? दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढी सीट ठेवली आहे, त्यामुळे उंचीचा काही प्रश्न नाही.'

प्रिय ताई,

पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी थांबले ते तिथेच. माझ्या मते खरा प्रश्न उंचीचाच आहे. बूड, गुडघे आणि थोडेफार हातसुद्धा, सगळी दुखणी त्या उंचीपाशी येऊन मिळतात. म्हणून आधी ती बघू. नवी सीट आणि विक्री यांचा विचार नंतर.

सीटवर बसल्या बसल्या दोन्ही तळपाय जमिनीला पुरत असतील, तर तुमच्यासारख्या हायब्रीडवर ती सीट खाली आहे असं खुशाल समजा. पेडल अगदी खाली असतं तेव्हासुद्धा जमिनीपासून साधारण 10 सेंटिमीटर वर असतं. पाय जवळजवळ सरळ होऊन पेडलपर्यंत पोचायचा, तर त्याच पायाला जमीन पुरणार नाही हे उघड आहे. तुमच्या आत्ताच्या उंचीवर गुडघा प्रत्येक फेरीत गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि तुम्ही दुमडलेल्या गुडघ्याने जोर लावता. तो सगळा दाब वाटीवर येतो. पुढून वाटी दुखली की सीट खाली आहे आणि मागून, खोबणीत दुखलं की सीट फार वर आहे, ही सायकलवाल्यांची जुनी खूण आहे. तुमची वाटी पुढून दुखत असेल, तर वयाला दोष देण्याआधी एवढं तपासून बघा.

आता बुडाचं. सायकलवर आपलं वजन पाय, हात आणि बैठक यांच्यात वाटलं जातं. पाय मोकळे पसरून पेडल दाबत असतील, तर प्रत्येक दाबाबरोबर शरीर किंचित उचललं जातं आणि सीटवरचा भार हलका होतो. सीट खाली असली की पायांना दाबायला जागाच उरत नाही आणि सगळं वजन बुडावर येऊन बसतं. त्यात गिअर अगदी हलका ठेवून पाय नुसते फिरवत राहिलात, तर आणखीनच. मी तर म्हणेन, सायकलवरचा आराम निम्म्याहून अधिक पायांतून येतो.

तुम्ही सीट खाली का ठेवलीत हे मला कळतं. एलबीएस रोडवर रिक्षा कधी आडवी येईल याचा नेम नाही, बस स्टॉपला लागताना डावीकडे दाबते, आणि पेव्हर ब्लॉकची कड कुठे उचलली गेलीय हे चाक तिथे पोचल्यावरच कळतं. अशा रस्त्यावर पटकन पाय टेकता यायला हवा असं वाटणं चुकीचं मुळीच नाही. पण पाय टेकण्यासाठी सीटवर बसून राहायची गरज नसते. थांबताना सीट सोडून पुढे उतरायचं असतं. लहानपणी ज्यांनी मोठ्यांच्या सायकली चालवल्या ते सगळे असेच उतरायचे. आता आपल्याला कुणी हे शिकवत नाही, म्हणून इथे सविस्तर सांगते.

सिग्नल जवळ आला की ब्रेक हळूहळू दाबत उजवं पेडल खाली आणा आणि त्याच्यावर उभं राहा, म्हणजे बूड सीटवरून सुटेल. तसंच पुढे सरकून सीट आणि हँडल यांच्या मधल्या जागेत या. सायकल किंचित डावीकडे झुकवा आणि थांबता थांबता डावा पाय जमिनीला टेका. डावाच, कारण डावीकडे फूटपाथ असतो आणि उजवीकडे गाड्या. निघताना उजवं पेडल वरच्या बाजूला, जरासं पुढे घ्या आणि त्याच्यावर पाय देऊन उभं राहा. त्या एका पावलाने सायकल पुढे निघते आणि तुम्ही आपोआप सीटच्या उंचीला पोचता, मग बसायचं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी अर्धा तास नुसतं थांबणं आणि निघणं, थांबणं आणि निघणं, एवढंच करा. हे अंगवळणी पडेपर्यंत सीट वर घेऊ नका, नाहीतर पहिल्याच सिग्नलला घाबराल आणि पुन्हा खाली कराल.

मग उंची ठरवायची. रोजचेच बूट घाला, सायकल भिंतीला लावा, सीटवर बसा आणि टाच पेडलवर ठेवा. पेडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलता कामा नये. आता चवडा पेडलवर आणलात की गुडघ्यात हलकासा बाक उरेल. तेवढाच हवा. आकड्यांत हवं असेल तर अनवाणी भिंतीला टेकून उभ्या राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून घ्या. त्याला 0.883 ने गुणा. 1986, 1989 आणि 1990 मध्ये तूर द फ्रान्स ही सायकलची मोठी शर्यत जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने हे गणित ओळखलं जातं. गुणून येतं ते पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. माप 72 सेंटिमीटर आलं तर सीट 63.5 च्या आसपास येते. हा आकडा शर्यतवाल्यांसाठी काढलेला आहे. तुम्ही त्याहून सेंटिमीटरभर खाली राहिलात तरी काही बिघडत नाही.

मात्र एका दिवसात एवढी उडी घेऊ नका. सीटच्या दांड्याला आजच्या उंचीवर इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळा. दांडा आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचा स्क्रू अॅलन कीने, म्हणजे षटकोनी चावीने, सैल करा, सीट एक सेंटिमीटर वर घ्या, ती सरळ समोर बघतेय याची खात्री करून पुन्हा आवळा. दोन-तीन फेऱ्या झाल्या की आणखी एक सेंटिमीटर. चालवताना मागून कुणाला तरी बघायला सांगा. कंबर डावी-उजवीकडे हलायला लागली की तुम्ही जास्त वर गेलात, तिथून थोडं खाली या. दांड्यावर किमान किती भाग आत राहिला पाहिजे याची खूण कोरलेली असते. ती रेघ बाहेर दिसेल इतकी सीट कधीही वर काढू नका.

आता 'सवय होईल' या आश्वासनाबद्दल. ते अर्धं खरं आहे. मांड्या संपतात तिथे आत जी दोन हाडं हाताला लागतात, ती बैठकीची हाडं. पहिले दोन-तीन आठवडे तिथे मार बसल्यासारखं ठणकतं आणि सायकल चालवत राहिल्याने ते जातं. पण आग होणं, सोलवटणं आणि बधिर होणं यांची सवय करून घ्यायची नसते. बधिर होणं म्हणजे नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर दाब येतोय. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पुरुष पोलिसांचा एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे निमुळतं नाक नसलेल्या सीट सहा महिने वापरल्यावर त्यांचं बधिर होणं बरंच कमी झालं. रोज तासन्‌तास सायकलवर असणाऱ्या माणसांनाही सवयीने जे गेलं नाही, ते दाब हटल्यावर गेलं. ग्रुपमधल्या मंडळींचा हेतू चांगलाच असणार, पण त्यांना तुम्ही नेमकं काय होतंय ते सांगितलंत का? बहुतेक 'दुखतंय' एवढंच म्हणाला असाल. या जागेबद्दल आपल्याकडे मोकळेपणाने बोलता येत नाही. दुकानात चार पुरुष उभे असताना तर नाहीच. मग दुकानदार गादी देऊन मोकळा होतो.

ते जेलचं कव्हर मात्र आजच काढा. उशीवर कोपर टेकवलं की कोपर आत जातं आणि उशी दोन्ही बाजूंनी वर येते ना, तसंच इथे होतं. हाडं जेलमध्ये रुततात आणि जेल मधे फुगून नाजूक भागाला दाबतं. शिवाय कव्हर सरकतं, त्याचं घर्षण वेगळंच. भाजी आणायला दहा मिनिटं ताठ बसून जाणाऱ्याला मऊ, रुंद सीट बरी वाटते, त्याने ती जरूर वापरावी. अर्ध्या-पाऊण तासाच्या वर बसायचं असेल तर सीट बेताची टणक हवी आणि हाडांच्या रुंदीची हवी.

ती रुंदी घरी मोजता येते. पार्सलच्या खोक्याचा नळीदार पुठ्ठा कापून जिन्याच्या सपाट पायरीवर ठेवा. पातळ कपड्यांत त्याच्यावर बसा, सायकलवर वाकता तेवढंच पुढे वाका, टाचा उचला आणि मिनिटभर हलू नका. उठल्यावर पुठ्ठ्यावर हात फिरवलात तर दोन खळगे लागतील. दिसत नसतील तर खडू आडवा धरून हलकेच घासा. खळग्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवा. जितकं ताठ बसायचं तितकी सीट थोडी अधिक रुंद लागते. समजा 12.5 आलं, तर 15 सेंटिमीटरच्या आसपासची सीट शोधायची. सायकलसोबत आलेली सीट सगळ्यात रुंद जागी मोजून बघा. ती जुळत असेल तर पाच-सहा हजार वाचले. जुळत नसेल तर जरूर नवी घ्या, मधे खाच किंवा पोकळ पट्टी असलेली बघा, पण आठ दिवस वापरून बदलून देणारं दुकान गाठा. बऱ्याच बायकांना ती खाच वरदान वाटते, काहींना तिच्याच कडा टोचतात, आणि आपण कुठल्या गटातल्या हे चालवल्याशिवाय कळत नाही. किमतीचा आणि आरामाचा थेट संबंध नाही. महागात बहुतेक वेळा वजन कमी मिळतं, आणि ते तुम्हाला नकोच आहे.

उंची आणि रुंदीइतकाच महत्त्वाचा आहे सीटचा कल. कव्हर काढल्यावर सीटवर एक पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवा आणि त्याच्यावर मोबाइलमधलं पातळी दाखवणारं अॅप. सुरुवात सपाट ठेवून करा. नाक वर असेल तर तुमची आग तिथूनच येत असण्याची दाट शक्यता आहे. सपाट ठेवूनही पुढे टोचत असेल तर नाक एक-दोन अंश खाली करा, त्याहून जास्त नको. जास्त उतार दिलात की तुम्ही पुढे घसरत राहता आणि ते अंग सावरायला हात कामाला लागतात.

करंगळीच्या मुंग्यांचं उत्तर इथे आहे. तळहाताच्या बाहेरच्या उशाशी जी नस असते, तिच्यावर वजन येतं तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. मनगट खाली मोडलेलं असलं तर लवकर होतं. ब्रेकचे लिव्हर अशा कोनात फिरवून घ्या की बोटं त्यांच्यावर ठेवल्यावर हात कोपरापासून सरळ रेषेत येईल. कोपर थोडं सैल ठेवा आणि पकड अधूनमधून बदला. सीट वर गेली की हँडल तुलनेने खाली वाटेल, मग सायकलवाल्याला स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा छोटा दांडा, उलटा लावून द्यायला सांगा. बऱ्याच हायब्रीडवर तेवढ्याने हँडल दोनेक सेंटिमीटर वर येतं. त्यानेही लांबच वाटलं तर आखूड स्टेम मिळतो. हे काम दुकानातूनच करून घ्या, कारण तिथला स्क्रू नीट आवळला नाही तर हँडल हातात येईल. हँडल जवळ यावं म्हणून सीट मात्र पुढे ढकलू नका, त्याने गुडघ्यांचं गणित बिघडतं. सायकल चालवत नसतानाही मुंग्या येत असतील तर साखरेच्या डॉक्टरांना सांगा. ते सायकलच्या खात्यात टाकू नका.

कपड्यांबद्दल थोडंसं, कारण मुंबईची हवा. सुती चड्डी घामाने भिजते आणि तिची शिवण बरोबर नको तिथे घासते. पॅडवाली शॉर्ट घ्या आणि तिच्या आत काहीही घालू नका, ती तशीच घालायची असते. लिफ्टमध्ये संकोच वाटत असेल तर वरून सैल ट्रॅक पँट चालेल. प्रत्येक फेरीनंतर धुवा. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात, तेव्हा दोन जोड हवेत. टायरमध्ये हवा ठासून भरू देऊ नका. टायरच्या कडेला हवेची कमाल-किमान मर्यादा छापलेली असते, तिच्या मधल्या आकड्याच्या जरा खाली ठेवलीत तर काँक्रीटचे सांधे कमी बोचतील. गतिरोधक दिसला की पेडल समपातळीत आणून बूड उचला. एरवीही दर दहा मिनिटांनी चार-पाच पेडलं उभं राहून मारा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होतं तशी त्या भागातली त्वचा पातळ आणि कोरडी होते, आणि पूर्वी जे घर्षण जाणवलंही नसतं ते झोंबायला लागतं. यावर साधे उपचार आहेत. सीट नीट लावूनही आग राहिली, किंवा सायकलवरून उतरल्यानंतरही बधिरपणा टिकून राहिला, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि सायकल चालवते हे त्यांना आवर्जून सांगा. पुळी किंवा गळू आलं असेल तर ते बसेपर्यंत सायकल उभी राहू दे.

नवऱ्याच्या सूचनेबद्दल एवढंच, की जिमच्या सायकललाही सीट असते आणि तिथेही उंचीचे हेच नियम लागू होतात. उलट तिथे खड्डे नाहीत, सिग्नल नाहीत, म्हणजे माणूस सीटवरून उठतच नाही आणि बूड लवकर दुखतं. साखरेसाठी दोन्ही व्यायाम चांगलेच. पण तुम्ही पहाटे उठून पुलाच्या दिशेने जाता, दोन महिने दुखणं सोसूनही जाता, त्या अर्थी तुम्हाला मोकळ्यावर चालवायलाच आवडतं. ते सोडू नका.

आता विकायचं. उंची, कल आणि हँडल लावून झाल्यावर महिनाभर चालवा. त्यानंतरही हात ताणलेलेच राहत असतील, किंवा सीटच्या पुढे उतरून उभं राहिल्यावर आडवा दांडा अंगाला लागत असेल, तर चौकट तुम्हाला मोठी आहे आणि ती कुठल्याही सीटने लहान होणार नाही. तेव्हा बेलाशक विका आणि एक माप लहान घ्या. त्या वेळी दुकानात बूट घालून जा, दांड्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा राहतेय ना ते बघा, सीट तिथेच टाचेच्या मापाने लावून घ्या, बाहेर रस्त्यावर एक लांबशी फेरी मारा आणि मगच पैसे द्या.